तेरच्या भैरोबाची खोळ

तेरला माझ्या मामी एकट्या राहतात. सकाळी शुगरची गोळी घ्यायची, गल्लीच्या टोकाला भैरोबाच्या घुमटीत जाऊन देवाला तेल घालायचं आणि परत येऊन भाकरी खायची, असा त्यांचा क्रम. मे महिन्यातल्या त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली, घुमटीत गेल्या आणि भाकरीपर्यंत पोचल्याच नाहीत. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी धाराशिवात माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर वर करत होते.

"ताई, देवानं खोळ टाकली. मामी उपाशी बसल्यात. कुनाचंच ऐकंनात."

दगडाच्या देवाला पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चोपडला की त्याचा जाड थर बसतो. नाक-डोळे बुजतात, देवाचा नुसता गोळा होतो. एखाद्या उन्हाळ्यात तो थर आतून सुटतो आणि कवचासारखा गळून पडतो. ती खोळ. ती वाहत्या पाण्यात सोडायची, आणि तोवर ज्या घराकडं देवाची सेवा आहे त्या घरानं अन्न तोंडात घालायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. एरवी हे थोड्या वेळाचं काम.

पण गोळी पोटात आणि वर अन्न नाही, म्हणजे काय होतं ते मला धंद्यामुळं ठाऊक आहे. घाम येतो, हात थरथरतात, मग माणूस गुंगतो. शटर परत खाली ओढलं आणि स्कूटी काढली.

घुमटीपुढं गर्दी होती. मामी पायरीवर बसल्या होत्या, उजवी मूठ आवळलेली. आत, जिथं लहानपणापासून मी चांदीचे डोळे लावलेला लाल गोळा बघत आले, तिथं एक काळा दगडी माणूस मांडी घालून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, कान लांब, तळहात मांडीवर एकावर एक. भैरोबा असा बसत नाही, हे मलाही कळत होतं. खोळ बाजूला घमेल्यात ठेवलेली.

"मामी, चला, खोळ सोडून येऊ."

"सोडू देत न्हाईत ना," मामींनी मान वळवली. "ह्यांन्ला इचार."

पोलीस पाटील पुढं आले. "ताई, फोटो गावभर फिरलाय. गुरुजी म्हणतात हा बुद्ध. कुणी म्हणतंय महावीर. आन ही पोरं म्हणतात भैरोबाच, आत्ताच्या आत्ता शेंदूर लावा. तहसीलची माणसं येईपर्यंत कशाला हात लावायचा न्हाय. खोळीला बी."

"खोळीचा काय संबंध?"

"पुरावा हाय तो," निवृत्त गुरुजी मागून म्हणाले. "आतल्या बाजूला मूर्तीचा ठसा उमटलेला असतो. छातीवर काही खूण असेल तर त्यात दिसेल."

"गुरुजी, तुमच्या पुराव्यापायी म्हातारी मरंल की," गल्लीतला एक तरुण ओरडला. "शाळेत बी तुमी असंच पोरं उपाशी ठेवायचा."

"तू उपाशी नव्हतास. डबा चोरून खायचास."

दोन माणसं हसली, बाकीची नाही. तरुणाच्या हातात शेंदराची पुडी होती आणि ती फोडायला तो उतावीळ झाला होता. मी मामींना खडीसाखर देऊ केली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शेजारणीकडून तांब्या आणून पाण्यात साखर विरघळवली. एक घोट घेऊन त्यांनी थुंकून टाकला.

"मला फसवतीस व्हय गं?" त्यांनी मूठ उघडून दाखवली. आत चांदीचे दोन डोळे होते. "देवाचं डोळं माझ्या हातात हायत, आन म्या जेवू?"

मी पाटलांना विचारलं, "ही मूर्ती कुणाची ते जाणत्या माणसानं सांगितलं तर खोळ सोडू द्याल?"

"सांगू द्या की. मग माझी काय ना न्हाय."

मामींना शेजारणीच्या ताब्यात देऊन मी निघाले. तेर आता गाव आहे, पण खाली तगर नावाचं शहर गाडलेलं आहे. पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पाऊस पडून गेला की मणी आणि खापरं उघडी पडतात. इथं कोण देव कुणाच्या जागेवर बसलाय ते सांगणं सोपं नाही, एवढं मला माहीत होतं. तरी गेले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

जैन मंदिरात सोवळ्यातले एक काका उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी चष्मा वर करून मोबाइलवरचा फोटो बराच वेळ पाहिला. "आमचा असेल तर आनंदच आहे. पण तीर्थंकरांच्या छातीवर खूण असते, आणि इथं छाती झिजलेली दिसते. मी उगीच हो म्हणणार नाही."

"नाही तरी म्हणा."

"नाही तरी कसं म्हणू, बाई?"

तिथून संग्रहालयाकडं जाताना त्रिविक्रमाचं देऊळ लागतं. विटांचं, पाठीमागून घोड्याच्या नालासारखं गोल. मुळात ते बौद्धांचं चैत्यगृह होतं असं जाणकार सांगतात. आत आज त्रिविक्रम उभा आहे आणि दारात बायका वाती वळत बसल्या होत्या. जन्मभर ते देऊळ पाहिलं, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला. एवढं मोठं देऊळ बिनबोभाट हातबदल करून बसलं आणि मामींच्या हातभर दगडापायी गल्ली पेटली होती.

संग्रहालयातले साहेब सभ्य होते. अंगावर वस्त्राची रेघ असेल तर बुद्ध, म्हणाले, पण फोटोवरून सांगता येणार नाही, प्रत्यक्ष पाहावं लागेल, दुपारनंतर येतो. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. "ताई, मामींचा ब्लाऊज घामानं भिजलाय. बोलणं बी जड यायलंय."

मी परत पोचले तेव्हा मामी भिंतीला टेकल्या होत्या. हात गार. मला त्यांनी ओळखलं, पण जरा वेळानं. मूठ मात्र तशीच. कुणाला काही विचारायची वेळ गेली होती. मी पदर खोचला आणि घमेलं उचललं. शेंदूर भलता जड असतो.

तरुण आडवा आला. गुरुजीही आले. दोघं पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते.

"बाजूला व्हा," मी म्हणाले. "नाहीतर दोघांनी मामींना दवाखान्यात न्या, आणि पुढचं काय होईल त्याची जबाबदारी घ्या. गुरुजी, तुम्हाला ठसा पाहिजे ना? नदीवर चला, आतून फोटो काढा. मग मी सोडते."

पाटील फोन कानाला लावून दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. फोन वाजला नव्हता. मी चालू लागले. मागं गुरुजी, त्यांच्या मागं मोटारसायकल ढकलत तरुण आणि त्याच्याबरोबरची पोरं.

ज्यांना गाव नुसतं काका म्हणतं त्या कुंभार संतांच्या समाधीच्या खालच्या अंगाला आम्ही नदीत उतरलो. मे महिन्यातली तेरणा म्हणजे वाळू, बाभळी आणि एक हिरवट डबकं. वाहतं पाणी कुठंच नव्हतं.

"झालं!" तरुण म्हणाला. "आता?"

मी खोळ आतली बाजू वर करून वाळूवर ठेवली. आतून चेहरा दिसत होता, खोलगट, नाक आत गेलेलं. गुरुजी गुडघ्यांवर बसले. छातीच्या जागी त्यांनी बोट फिरवलं, परत फिरवलं. तिथं काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत खळगी.

"म्हणजे शेंदूर लागायच्या आधीच छाती झिजली होती," ते म्हणाले. "कुणीतरी हात लावून लावून झिजवली."

"कुणी?" तरुणानं विचारलं.

गुरुजी फोटो काढून उठले.

मी चप्पल काढली आणि डबक्याच्या काठची वाळू पायानं उकरायला लागले. खालच्या बाजूला वाळूवाल्यांनी केलेला खड्डा होता. मधला बांध फोडला की डबक्यातलं पाणी तिकडं जाणार, एवढा साधा हिशेब. तरुणाला आधी कळलं नाही. मग त्यानं शेंदराची पुडी खिशात कोंबली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागला. गुरुजींनी धोतर वर खोचलं. पाणी आधी पाझरलं, मग वीतभर रुंद धार सुटली. मी त्या धारेत खोळ ठेवली. ती जराशी सरकली, तिरकी झाली आणि खड्ड्यात बुडाली.

तरुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून मी परत आले, तोवर शेजारणीनं मामींना घरात नेलं होतं.

"सोडली?" मामींची जीभ जड झाली होती.

"सोडली."

"नदी वाहती व्हती?"

"वाहती केली."

"म्हंजी?"

"म्हणजे वाहत होती, मामी. तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. साखर, मग गुळाचा खडा, जरा वेळानं दुधात कुस्करलेली भाकरी. घाम सुकायला वेळ लागला. तोवर मी त्यांचं मनगट सोडलं नाही. मग त्यांनी मूठ उघडली आणि चांदीचे डोळे माझ्या हातावर ठेवले. मी ते हळदीच्या डब्यात टाकले.

बाहेर आवाज पुन्हा चढले होते.

"कोन भांडतंय?"

"मघाचेच."

"देव उघडा बसलाय, घुमटीत ऊन शिरलं आसंल," मामी म्हणाल्या. "एवढ्या वर्सांत उन्हाची सवं मोडलीया त्याची. कायतरी धरा म्हनावं म्होरं."

मी कॉटवरची चादर ओढली आणि घुमटीपुढं गेले. एक टोक गुरुजींच्या हातात दिलं, एक तरुणाच्या.

"संग्रहालयाचे साहेब दुपारनंतर येणार आहेत," मी म्हणाले. "तोवर भांडायचं तर भांडा. पण चादर सोडायची नाही."