फेर मोडणारे तोकुजी-सान

आमच्या हिनोकुरातले टोफूवाले तोकुजी-सान फार बोलत नसत. वर्षातून एकदा मात्र त्यांना भर रस्त्यात मोठ्याने म्हणावं लागे, "पुरे आता."

ऑगस्टमध्ये तीन दिवस गेलेली माणसं आपापल्या घरी येतात आणि शेवटच्या पहाटे परत जातात, असं आम्ही मानतो. त्या तीन दिवसांत आमचं गाव रात्रभर रस्त्यात फेर धरतं. ढोल नाही, वाद्य नाही. एका बाजूने ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूने उचलायची, आणि हातात पंखा. त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घराचा पांढरा कंदील रस्त्याच्या मधोमध उभारलेल्या माचावर टांगतात. शेवटच्या पहाटे घरचे लोक तो उतरवून नदीवर न्यायला निघतात. नाचणाऱ्यांना ते नको असतं. ते पुढे पळतात आणि कंदिलाच्या वाटेत नवा फेर धरतात. कंदील जवळ आला की नाच थांबवायचा असतो, पण आपण होऊन कोण थांबतो? म्हणून कंदिलांच्या पुढे एक माणूस चालतो, नाचणाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि फेर मोडतो. आधी हे काम तोकुजी-सानांचे वडील करत, नंतर ते स्वतः.

माझे यजमान गेले त्या वर्षी कंदील माझ्या हातात होता. शेजारणी पुढे नाचत होत्या, आणि हे कधी संपूच नये असं मला वाटत होतं. तोकुजी-सानांनी एकेकीचा खांदा धरून त्यांना बाजूला केलं. मला त्यांचा भयंकर राग आला. ते हळूच म्हणाले, "वहिनी, अडवून ठेवलं तर त्यांना वाट सापडत नाही."

पुढे पुढे फेरात आम्ही म्हाताऱ्याच उरलो. तरुण पोरं लांबून फोटो काढायची आणि घरी जायची. त्यांना फेरात आणलं ते तोकुजी-सानांच्या नातीने, चिहायाने. मुलगा-सून शहरात, नात आजी-आजोबांपाशी वाढलेली. पंधराव्या वर्षी तिने अख्खा वर्ग ओढून आणला. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी टोफूच्या दुकानासमोर शिकवणी चाले. शिकवायला आम्ही, आणि आमच्यात सगळ्यात तिखट शिगेनो-आजी.

"हात हलवतोयस की डास मारतोयस?" ती चिहायाच्या वर्गातल्या रिकुला विचारायची.

"दोन्ही, आजी. सगळे डास तुमच्याच डोक्यावर बसलेत."

"मेल्या, थांब तू!" आणि मग मोर्चा माझ्याकडे; मी ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत शिकवत असे. "सिस्टरांच्या शाळेतल्या बाई, गुडघे वाकवा! प्रार्थनेला नाही, नाचायला."

चिहाया हसून हसून खाली बसायची. मग आत ओरडायची, "आजोबा, तुम्ही का नाही येत?"

"मी नाचलो तर मोडणार कोण?" आतून उत्तर यायचं.

एकोणिसाव्या वर्षी ती परिचारिकेचं शिक्षण घ्यायला शहरात गेली. फेब्रुवारीत ताप आला आणि मेंदूत गेला. निरोप आला तेव्हा घाट बर्फाने बंद झाला होता. तोकुजी-सान घाटाच्या फाटकापाशी गाडीत दोन दिवस बसून राहिले. रस्ता उघडला तेव्हा भेटायला कोणी उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिचा कंदील माचावर चढला. तिन्ही रात्री ते त्याच्याखाली बसून होते. या वर्षी फेर दुसरा कोणी मोडेल, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं.

"काम माझं आहे," एवढंच ते म्हणाले.

शेवटच्या पहाटे त्यांनी पहिला फेर मोडला. दुसराही मोडला. तिसरा त्यांच्याच दुकानासमोर होता. त्यात पोरं होती, शिगेनो-आजी होती, मी होते. त्यांनी रिकुच्या खांद्याकडे हात नेला. रिकु रडतही होता आणि गातही होता. हात खांद्यावर पडलाच नाही. रिकुच्या कमरेला खोचलेला जादा पंखा त्यांनी उपसला आणि ते फेरात शिरले.

त्यांना नाचता येतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सुरेख नाचत होते. आम्ही आवाज चढवला. मागे त्यांची बायको, फुमिए, कंदील धरून उभी राहिली. तिच्यामागे इतर घरांचे लोकही आपापले कंदील धरून थांबले. डोंगरावर ऊन आलं, कंदिलातली ज्योत दिसेनाशी झाली, तरी आम्ही फिरतच होतो.

फेब्रुवारीपासून फुमिए जवळजवळ बोलली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "पुरे आता. पोरीला उशीर होतोय."

गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. फेर आपोआप सुटला. खरं तर अशा वेळी पोरं पुढे पळतात. त्या दिवशी कोणीच पळालं नाही.

"पळा की रे," तोकुजी-सान म्हणाले. "पुढे फेर धरा. पुलापर्यंत जागा आहे अजून."

रिकुने आपला पंखा कमरेला खोचला.

"मी मोडणार नाही. खरंच सांगतो. धरा ना."

"आजोबा, तुम्हीच म्हणायचात, वाट सापडत नाही..."

"मी काय म्हणायचो ते राहू दे रे!"

त्यांनी शिगेनो-आजीकडे पाहिलं. तिने पंखा मिटला. रिकु रस्त्याच्या कडेला सरकला, मग बाकीची पोरं, मग आम्ही. फुमिए त्यांच्याजवळ आली आणि कंदिलाची काठी त्यांच्या हातात दिली.

ते निघाले, पण पाऊल उचलत नव्हतं. दर थोड्या अंतरावर थांबून ते समोर पाहत. पुलापर्यंत फेर नव्हता. इतका मोकळा रस्ता त्या गावात मी कधीच पाहिला नव्हता.