गोठ्यातल्या गाड्या

जुनी गाडी विकत घ्यायला एक दुपार पुरते. पण ती घ्यायच्या आधी ज्या पाच-पन्नास गाड्या बघून सोडून द्याव्या लागतात, त्यांचे किस्से साचत जातात. गाडी नको झाली तर विकता तरी येते. किस्से आपल्याकडंच राहतात. आमच्याकडं तर असे साचलेत की चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, ते जीपचं सांगा की."

डॉक्टर म्हणजे मी, पण जनावरांचा. कळंब तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात आहे. गावोगाव गोठ्यांत फिरणं हेच माझं काम, आणि आपल्याकडं जुन्या गाड्या गोठ्यातच सापडतात. कुणाच्या आजोबांची जीप कडब्याखाली दबलेली, कुणाच्या अॅम्बॅसिडरच्या टपावर कोंबड्या झोपलेल्या. गाईला इंजेक्शन देता देता मी गाडी हेरून ठेवतो आणि येरमाळ्याच्या दिगंबरला फोन लावतो. दिगंबर बागायतदार आहे. मोडकी गाडी आणून, वर्ष-दीड वर्ष खपून, ती पुन्हा रस्त्यावर आणायचं वेड मूळ त्याचं. तिसरा रज्जाकभाई, धाराशिवचा मेकॅनिक आणि आमचा शाळेपासूनचा दोस्त.

दिगंबरला कशाचीच भीती वाटत नाही आणि रज्जाकभाईला सगळ्याचीच वाटते. मी मधला. मला उशिरा वाटते, पण लई वाटते.

*

परंड्याच्या बाजूला एका शेतात जीप बघायला गेलो होतो. चाकं कधीच गेलेली, चारी बाजूंनी दगड रचून त्यावर जीप ठेवलेली. जुन्या गाडीत सगळं नवं घालता येतं, पण खालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, गंजली असेल तर हात लावू नये, हा आमचा नियम. म्हणून मी पाठीवर झोपून खाली सरकलो. हातात बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर. गंज कुठं पोकळ वाजतोय ते टोचून बघत होतो.

तेवढ्यात दिगंबरला सीटच्या स्प्रिंगा बघायची हौस आली. तो वर चढून बदकन बसला.

कुठला तरी एक दगड सरकला. आवाज फार झाला नाही. जीप फक्त खाली आली आणि गिअर बॉक्स माझ्या छातीवर टेकला. टेकला, दाबला नाही. श्वास सोडता येत होता, घेता येत नव्हता. तोंडातून शब्द निघेना. बॅटरी हातातून सुटून गवतात पडली होती आणि तिच्या उजेडात एक मुंगळा चाललेला मला अजून दिसतो.

वरून दिगंबरनं विचारलं, "कशी हाय रं चासी?"

मी काय सांगणार? त्यानं पुन्हा विचारलं. मग रज्जाकभाईचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. टाचा जमीन उकरत होत्या. तो ओरडला नाही. अगदी हळू आवाजात म्हणाला, "दिगू, उतरू नको. हलू पण नको. जसा हायस तसा बस."

जीपमालकानं गोठ्याचा वासा ओढून आणला. त्यानं आणि रज्जाकभाईनं तो खाली घालून जीप बोटभर उचलली, आणि मालकाच्या बायकोनं माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. दिगंबर तोवर स्टेअरिंग धरून पुतळ्यासारखा बसलेला. त्याला खाली काय चाललंय ते कळलंच नव्हतं. उतरून त्यानं माझा चेहरा बघितला आणि मग तोच मटकन खाली बसला.

मला पाणी पाजलं. बोलता आल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "चासी चांगली हाय."

ती जीप आम्ही घेतली. दिगंबर तिच्यात अजूनही हळूच बसतो.

*

एकदा येरमाळ्याजवळच्या वस्तीवरून एका बाईंचा फोन आला. मालक वारल्यापासून त्यांची पद्मिनी गाडी गोठ्याशेजारी उभी होती आणि आम्ही ती बघायला येणार हे ठरलेलं होतं. म्हणाल्या, "डॉक्टर, येताय ते बरंच हाय. पण गाडीत जनावर हाय बरं का."

मी म्हटलं, बसली असंल शेळी किंवा कुत्री व्यालेली असंल. दवाखान्याची बॅग घेतली, हातमोजे घेतले.

गाडीचं मागचं दार उघडं लटकत होतं. मी वाकलो आणि सीटच्या खाली अंधारात हात घातला. पिल्लं असतील तर चाचपडून बघावीत म्हणून. हाताला काहीतरी थंड लागलं. थंड आणि गुळगुळीत. मग ते हाताखालून सरकायला लागलं आणि सरकतच राहिलं. संपेना. मोज्यातून मला त्याचा एकेक खवला कळत होता.

हात काढावा की ठेवावा? हलवला तर चावंल, ठेवला तरी चावंल. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पापणी मिटायची पण भीती वाटत होती. ते गेलं, फूटबोर्डाच्या भोकातून खाली उतरलं आणि गवतातून बांधाकडं निघालं. नागच होता, चांगला चार हात लांब. मी तसाच मागं सरकत सरकत जाऊन उकिरड्यावर बसलो.

रज्जाकभाई आमच्या गाडीच्या टपावर चढलेला होता. कधी चढला, त्यालाच माहीत नाही.

मी बाईंना म्हटलं, "अवो, साप हाय असं सांगायचं की."

बाईंनी पदर तोंडाला लावला. "भर तिन्हीसांजेला फोन केलावता. त्या टायमाला त्याचं नाव घेत्यात व्हय? जनावर म्हनलं की म्या."

*

येडशीचा घाट उतरताना एका अॅम्बॅसिडरची टेस्ट घेतली होती. मालक पन्नाशीचा, लई गोड बोलणारा. गाडी नुसती चालवून बघा म्हणाला. रज्जाकभाईचा आणखी एक नियम, अनोळखी गाडीत बसायच्या आधी ती ढकलायची आणि ब्रेक मारून बघायचा. मालक म्हणाला, "बघा की. सपाटीला एक नंबर थांबती." थांबली पण.

दिगंबर चालवायला, शेजारी रज्जाकभाई, मागं मी आणि मालक. उतार लागला. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला दिगंबरनं पाय दाबला तो पार तळाला गेला आणि वर आलाच नाही. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसली. बिनधास्त माणसाची मान ताठ झाली की मागच्यानं समजून जावं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि समोरून वर येणारी एसटी. रज्जाकभाईनं हँडब्रेक ओढला. दांडा निघून त्याच्या हातातच आला.

मी शेजारी बघितलं. मालकानं त्याच्या बाजूचं दार कधीच उघडून धरलं होतं आणि तो एक पाय बाहेर काढून बसला होता. चेहरा अगदी शांत, रोजच्यासारखा.

दिगंबरनं गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. एसटी बाजूनं सूं करून गेली. ट्रॅक्टरच्या मागं आपटायच्या आधी डावीकडं मुरमाचा एक चढता रस्ता दिसला, दिगंबरनं गाडी त्याच्यावर घातली. चढावर गाडीचा जीव गेला आणि ती थांबली. मी उतरून लगेच चाकामागं दगड लावला, मग दुसरा लावला, मग तिसरा. रज्जाकभाईनं हातातला दांडा अजून सोडला नव्हता.

दिगंबर मालकाला म्हणाला, "तुमाला माहीत व्हतं."

मालक म्हणाला, "माहीत म्हणजे काय, म्या ह्या गाडीत कायम उतरायच्या तयारीतच बसतो."

*

हायवेलगत एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, जीप बघायला बोलावलं होतं. गाव सांगत नाही. तारेचं कुंपण, लोखंडी गेट, आत तिघंजण. तिघंही कमी बोलणारे. जीप मात्र नको इतकी चांगली.

रज्जाकभाईनं बॉनेट उघडलं, चासीवरच्या नंबराच्या जागी रॉकेलचं फडकं घासलं. घासता घासता थांबला. मी वाकून बघितलं. नंबर नव्हताच. कानशीनं घासून काढलेला, वरून रंग मारलेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही, पण मागं गेटची कडी लागल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

त्यांच्यातला थोराड माणूस जवळ येऊन उभा राहिला. "काय बघताय एवढं?"

रज्जाकभाई पुसलेली जागाच पुन्हा पुसायला लागला. मी इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात एक वासरू बांधलेलं दिसलं. डावी कूस ढोलासारखी वर आलेली, मान लांब केलेली, तोंडातून लाळ. मी म्हटलं, "ह्याचं पोट फुगलंय. औषध माझ्या गाडीत हाय, आणू का?"

तो वासराकडं बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. आम्ही तिघं गेटातून बाहेर पडलो. पळावंसं वाटत होतं, पण चाललो. गाडीत बसलो, दिगंबरनं चावी फिरवली. रज्जाकभाई म्हणत होता, निघ, निघ.

मी म्हटलं, "थांब. वासरू खरंच फुगलंय."

दिगंबर म्हणाला, "याड लागलंय का तुला?"

त्याचं बरोबर होतं. पण त्या वासराला आणखी तासभर कुणी बघितलं नसतं, तर ते गेलं असतं. मी बॅगेतली बाटली घेतली आणि एकटा परत आत गेलो. गेट माझ्यामागं पुन्हा लागलं. थोराड माणसानं वासराचं तोंड धरलं, मी औषध पाजलं, कूस चोळली, त्याला चालवलं. वासरापेक्षा मीच जास्त अडखळत होतो. बऱ्याच वेळानं वासरानं ढेकर दिली. कूस उतरायला लागली.

तो माणूस वासराच्या पाठीवरून हात फिरवत होता. वर न बघता म्हणाला, "डॉक्टर, नंबर बघितला का तुमी?"

मी म्हटलं, "कसला नंबर?"

"मग बरं," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतः जाऊन गेट उघडून धरलं.

*

सास्तूरची अॅम्बॅसिडर मात्र आम्ही घेतली. डिझेलची, दुधी रंगाची. मालक आप्पा, पंच्याहत्तरीच्या पुढचे. गुडघे गेले म्हणून विकायला काढलेली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं गाव, त्यामुळं रुंद गल्ल्या, एकसारखी घरं. आप्पांच्या घराला लागून पत्र्याचं शेड, त्यात गाडी. मागचा बंपर पत्र्याला टेकलेला आणि पत्र्याच्या पलीकडं स्वयंपाकघर.

आप्पा दिगंबरला घेऊन आत चहाला बसले. मी आणि रज्जाकभाईनं आमची बॅटरी जोडली. इंजिनखालचे रबर गेलेत हे दिसत होतं, चालू झाल्यावर गाडी हादरणार हेही माहीत होतं. रज्जाकभाईनं चावी फिरवली.

इंजिन धडधडलं. गाडी हादरायला लागली, तिच्याबरोबर पत्रा, पत्र्याबरोबर भिंतीवरची मांडणी. आत भांडी खणखणली आणि एकामागून एक खाली पडली.

मी दाराकडं बघितलं तर सगळं घर अंगणात आलेलं. आप्पा अनवाणी, कडेवर नात. ज्यांना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागत होता ते आप्पा. मुलगा महादेव अर्धी दाढी केलेला. सून सुनंदा, हात पिठाचे. आप्पांची बायको, जिला सगळे आक्का म्हणायचे. मागं दिगंबर, हातात कप तसाच. कुणी ओरडलं नव्हतं. सगळे अंगणाच्या बरोबर मधे, भिंतीपासून लांब उभे होते.

रज्जाकभाईनं इंजिन बंद केलं. मग दिसलं, समोरच्या अंगणात, त्याच्या पलीकडच्या अंगणातसुद्धा माणसं बाहेर येऊन उभी होती.

मी काहीतरी बोलायला गेलो, पण आप्पांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते हाका मारायला लागले.

"महादेव."

"हाय आप्पा."

"सुनंदा."

"हाय."

"चिमी."

कडेवरची नात म्हणाली, "हाय."

"बाळू."

त्या नावाचं अंगणात कुणी नव्हतं. महादेव खाली मातीकडं बघत होता.

"बाळू," आप्पांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं.

आक्का पुढं आल्या. त्यांनी आप्पांच्या कडेवरची पोर आपल्याकडं घेतली आणि म्हणाल्या, "हाय."

आप्पांनी श्वास सोडला. "चहा निवला आसंल," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून आत गेले.

व्यवहार झाला. गाडी आम्ही तिथं पुन्हा चालू केली नाही. दिगंबर स्टेअरिंगला, आणि मी, रज्जाकभाई, महादेव मागून ढकलायला. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटची घरं मागं पडली, महादेव नमस्कार करून परत फिरला, दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं लागली. दिगंबरनं मागं वळून विचारलं, "आता मारू का सेल?"

रज्जाकभाईचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं मागं वळून गावाकडं बघितलं.

"नको," तो म्हणाला. "अजून थोडं पुढं."