आधी अ‍ॅसिड, मग कोलाचे

बैलाच्या गव्हाणीत काय आहे ते जनावरांच्या खाद्यावर संशोधन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, लव्हॉन ह्रूस्काला दाखवा. त्याच्या शेणामुतातून किती नायट्रोजन पडेल, ते ती आधीच सांगते. साहित्य शिकलेल्या मला हे अजून पचलेलं नाही.

सूत्र तिचं स्वतःचं. खाण्यात प्रथिनं जास्त झाली की जनावर नको असलेला नायट्रोजन मुतातून टाकतं. त्याचा अमोनिया होतो आणि सगळ्या गावाच्या नाकाला झोंबतो. गावाजवळ बैल पोसणारा ड्वेन पोस्पिशिल त्यांना दारूभट्टीतला मक्याचा, प्रथिनांनी भरलेला चोथा भरपूर घालायचा.

"सूत्र खरं ठरलं तर चोथा कमी करतो," तो म्हणाला होता. "नाहीतर माझे बैल उगाच वाळायचे."

शेवटच्या चाचणीत बाकी सगळ्या बैलांचे आकडे सूत्राशी जुळले. चौदा नंबरच्या बैलाचा आकडा मात्र फारच कमी आला.

"काय गं, तुझ्या बैलाला गणित येत नाही वाटतं!" ड्वेन म्हणाला. निघताना मात्र तो हसत नव्हता.

लव्हॉन प्रयोगाच्या गोठ्यात गेली. चौदा नंबरच्या मुताच्या बादलीचं झाकण तिने उचललं आणि झटकन मागे सरली. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, रडतेय.

"वास घे."

माझं नाक झणझणलं.

"बादलीत अ‍ॅसिड असतं तर त्याने नायट्रोजन धरून ठेवला असता. हा अमोनिया होऊन उडून गेला. मीच घालायला विसरले." आणि ती चक्क हसायला लागली. "त्या सकाळी ड्वेन आईच्या हातचे कोलाचे घेऊन आला होता. खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, गरम होते गं!"

"मग आकडा दुरुस्त कर ना."

"उडून गेलेलं कसं मोजू? पुन्हा चाचणीला बांधायचा बैल."

ड्वेनला तिने फोनवर सगळं सरळ सांगितलं.

"म्हणजे दोष माझ्या आईचा?"

"आईचा नाही रे. माझ्या जिभेचा."

नव्या चाचणीच्या सकाळी तो पुन्हा डबा घेऊन आला. तिने त्याला दारातच अडवलं.

"तिथंच थांब. आधी अ‍ॅसिड."

तो डबा धरून उभा राहिला.

निकाल आला. चौदा नंबर जुळला. ड्वेनने कागद दोनदा वाचला आणि आपल्या माणसाला फोन लावला, "सोमवारपासून चोथा कमी कर."

मग तिच्याकडे वळून म्हणाला, "आता तरी खा, बाई."

लव्हॉनच्या ओठांना खसखस केव्हाच चिकटली होती.