हात धुऊन वाचणारे कामगार

कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलामागे ज्या बाई बसत, त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्यांना कशावरूनबाई म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. कुणी तोंडावर म्हटलं असतंच, तर त्यांनी एवढंच विचारलं असतं की हे नाव ठेवलं कुणी आणि कोणत्या साली.

शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रबंध लिहावा लागे. प्रबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असे आणि तिच्यावर बाईंचा 'संदर्भ तपासले' हा शिक्का पडल्याशिवाय तो परीक्षकांकडे जात नसे. बाई यादीतली एकेक वेबसाइट स्वतः उघडून बघत आणि आक्षेप गुलाबी चिठ्ठीवर लिहून पानाला टाचत. काही प्रबंध परत मिळत तेव्हा पानं कमी आणि चिठ्ठ्या जास्त, अशी अवस्था असे.

आता आक्षेपाला जागा नसे असंही नाही. दुष्काळावरच्या प्रबंधाला आधार काय, तर केसांचं तेल विकणाऱ्या कंपनीचा ब्लॉग. एका पठ्ठ्याने महायुद्ध घेतलं होतं ते फरशांच्या दुकानाच्या वेबसाइटवरून.

"मॅडम, शोधल्यावर सगळ्यात वर तेच आलं," तो म्हणाला.

"दुकानात दारापाशी मांडलेला माल सगळ्यात चांगला असतो का रे?"

लिहिलं कुणी, केव्हा लिहिलं आणि त्याला कुठून कळलं, हे बाईंचे तीन प्रश्न. तिसऱ्यावर भले भले आडवे होत. घरीसुद्धा सुटका नव्हती. नवरा निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर आरोग्य वाचत असे. डाव्या पायावर दहा मिनिटं उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, हे त्याने एकदा तसंच उभं राहून सांगितलं.

"अहो, हे लिहिलंय कुणी?"

"डॉक्टर आहेत."

"कशाचे?"

नवऱ्याने खालपर्यंत वाचलं. डॉक्टर गुरांचे निघाले. पाय खाली टेकवून तो म्हणाला, "पण हे आणखी चार ठिकाणी आलंय." त्यावर बाईंनी त्याला अर्धा तास समजावलं की एकाचंच चौघांनी उतरवलं, तर साक्षीदार एकच असतो. नवऱ्याने मान डोलावली आणि बाईंची पाठ फिरताच पाय पुन्हा वर घेतला.

अशा या बाईंपुढे त्या वर्षी मुंगीचा प्रबंध आला. मुंगी म्हणजे इतिहासाची एक बारकीशी, अबोल विद्यार्थिनी. कणाकणाने माहिती गोळा करते म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं. तीन वर्षं ती बाईंच्या टेबलासमोर बसून शिकली होती. बाईंनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्यांचा जीव होता तिच्यावर. प्रबंधात पहिला वर्ग मिळाला, तर मुंगीला मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत जागा मिळणार होती. येत्या सोमवारी प्रबंध द्यायची शेवटची तारीख होती. मुंगी प्रबंध घेऊन आली तेव्हा मंगळवार होता.

प्रबंधाचा विषय खुद्द ग्रंथालयाची इमारत. कॉलेजच्या आधी या जागी गिरणी कामगारांचं वाचनालय होतं, हे तर आता सगळ्या गावाला पाठ होतं. चौथं प्रकरण पूर्ण त्यावरच होतं आणि त्याला सात संदर्भ होते. एक पर्यटनाची वेबसाइट, दोन वर्तमानपत्रांतले लेख, एक ज्ञानकोशाचं पान, दोन अभ्यासकांचे ब्लॉग आणि एका निवृत्त प्राध्यापकांचा जाडजूड ग्रंथ. प्रत्येकापुढे लेखक, तारीख, सगळं. बाईंनी गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि त्यांना चिठ्ठी लावायला जागाच सापडेना.

मग सवयीने त्या तिसऱ्या प्रश्नाच्या मागे लागल्या. ब्लॉगवाल्यांनी ज्ञानकोशातून घेतलं होतं. ज्ञानकोशाने प्राध्यापकांच्या ग्रंथाचा हवाला दिला होता. ग्रंथात तळटीप होती ती वर्तमानपत्राची. आणि सातही ठिकाणी एक वाक्य जसंच्या तसं होतं. 'गिरणीचा भोंगा झाला की कामगार हात धुऊन इथे वर्तमानपत्र वाचायला बसत.'

फार सुंदर वाक्य आहे, असं बाईंच्या मनात आलं. हात धुऊन! पुस्तकाला मळके हात लावणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, त्यामुळे त्या अनोळखी कामगारांविषयी त्यांना आपुलकीच वाटली. हे आपण पूर्वी कुठे वाचलंय, असं आठवता आठवता त्यांचा हात थांबला. त्यांनी ते वाचलं नव्हतं, लिहिलं होतं.

अठरा वर्षांपूर्वी कॉलेजची पहिली वेबसाइट होत होती. इमारतीचा थोडा इतिहास चार वाजेपर्यंत द्या, असा तेव्हाच्या प्राचार्यांचा निरोप आला. जुनी कागदपत्रं वाळवीने खाऊन टाकली होती. पुस्तकं बांधायला येणारा म्हातारा बाइंडर तेवढा समोर होता. तो म्हणाला, "इथं पूर्वी गिरणीची माणसं बसायची म्हणे." ती वाचायला बसायची की विडी ओढायला, हे त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्यांनी वाचनालय बांधलं, भोंगा वाजवला, कामगारांना हात धुवायला लावले आणि सुरुवातीला 'असं म्हणतात' हे दोन शब्द प्रामाणिकपणे घातले. वेबसाइट करणारा म्हणाला, चौकटीत दोन शब्द जास्त होतायत. त्याने नेमके तेच काढले. बाईंची बस चुकत होती, त्या बरं म्हणाल्या.

पुढे ते वाक्य वेबसाइटवरून वर्तमानपत्रात गेलं आणि पोराबाळांनी वाढावं तसं आपलं आपण वाढलं. प्राध्यापक महाशयांनी तर इमारतीमागच्या गळक्या नळाला कामगारांचं हात धुण्याचं ठिकाण ठरवून त्याच्यावर तीन पानं खर्ची घातली होती. कॉलेजने नळाभोवती रेलिंग लावलं होतं. नळ बसवला त्या वर्षी बाई नोकरीला लागल्या होत्या, त्यावरून प्लंबरशी झालेलं भांडणही त्यांना आठवत होतं, पण ग्रंथ त्यांनी त्या दिवसापर्यंत उघडलाच नव्हता. शिक्षकांच्या पुस्तकांना त्या चिठ्ठ्या लावत नसत.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सात ठिकाणी आहे म्हणतेस?"

"हो."

"मग खरंच असेल गं. तू सहज लिहिलंस आणि खरं निघालं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता, हे त्यातलं जास्त वाईट. वर म्हणाला, "आणि शिक्का मारून टाक. कुणाला कळणार आहे?" खरोखरच कुणाला कळणार नव्हतं. मुंगीला तिची जागा मिळाली असती, बाईंची अब्रू राहिली असती, कामगारांचे हात तर स्वच्छ होतेच. खाई त्याला खवखवे म्हणतात. बाईंना ताटातलं संपवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांकडे गेल्या. हे प्राचार्य नवे, हसतमुख, आणि प्रवेशद्वारावर कामगार वाचनालयाची पाटी लावायचं त्यांनी आधीच ठरवलेलं.

"सर, ते मी मनाने लिहिलं होतं."

"असं कसं मॅडम? सात ठिकाणी छापून आलंय. पडताळा घ्या, पडताळा घ्या, हे तुम्हीच सांगता ना मुलांना?"

"त्या सगळ्यांनी माझंच उतरवलंय."

"असेल. पण तुम्ही मनाने लिहिलंत याला पुरावा काय?"

कच्चा कागद बाईंनी तेव्हाच फाडला होता. जुनी वेबसाइट दोनदा बदलली होती. बाइंडर वारला होता. सव्वीस वर्षं ज्या प्रश्नाने त्यांनी लोकांना घाम फोडला, तो प्रश्न एका हसतमुख माणसाने खुर्चीतून न उठता विचारला होता. खोट्याला सात पुरावे होते आणि खऱ्याला एकही नव्हता. "आराम करा दोन दिवस," प्राचार्य प्रेमाने म्हणाले.

आराम न करता त्यांनी मुंगीला बोलावून घेतलं आणि दार लावून सांगितलं. लाज वाटत होती, आणि ती लपवायची कशी हे त्यांना कळत नव्हतं. सवयच नव्हती चुकायची. मुंगीने सगळं ऐकलं आणि वही उघडली.

"बाइंडरकाकांचे शब्द नक्की काय होते, मॅडम?"

पुढचा पाऊण तास मुंगी विचारत होती आणि कशावरूनबाई उत्तरं देत होत्या. मग मुंगी नगरपालिकेत जाऊन जुना नकाशा बघून आली. नकाशात त्या जागी नुसता चौकोन होता. तिने चौथं प्रकरण उपटून टाकलं आणि चार दिवसांत नवं लिहिलं. एक वाक्य एका टेबलावरून निघून सात ठिकाणी कसं गेलं, याचं. पहिला संदर्भ म्हणून बाईंची जबानी, पूर्ण नावानिशी. सोमवारी दुपारी बाईंनी शिक्का मारला.

बाहेरगावचे परीक्षक विद्वान होते. त्यांनी पहिल्या संदर्भाखाली लाल रेघ मारून लिहिलं, 'तोंडी, एकाच व्यक्तीचं, पुराव्याविना. सात प्रकाशित संदर्भ याच्या विरुद्ध आहेत. ग्राह्य नाही.' तोंडी परीक्षेत त्यांनी मुंगीला तो संदर्भ काढायची संधीही दिली. ती नको म्हणाली. पहिला वर्ग दोन गुणांनी हुकला आणि संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला गेली.

प्रबंधाची ग्रंथालयात ठेवायची प्रत घेऊन मुंगी आली, तेव्हा बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"माझ्यामुळे गेले तुझे दोन गुण."

"हो," मुंगी म्हणाली. "आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आता म्हणते, पुढच्या वर्षी परत अर्ज कर."

बाईंनी प्रतीला क्रमांक घातला, उठून कपाटापाशी गेल्या आणि प्राध्यापकांच्या जाडजूड ग्रंथाला खेटून ती उभी केली. मुंगी मागे येऊन उभी राहिली होती.

"मॅडम, एक सांगू? ते हात धुऊन वाचायला बसायचं वाक्य काढताना मला फार वाईट वाटलं. ते खरं असायला हवं होतं."

"मलाही तसंच वाटलं होतं गं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर लिहिलं."