पुढचे कोण?

नगरपालिकेच्या सभागृहात नव्या विकास आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी होती. माझ्याआधी आमच्या शेजारच्या सुमनताई उभ्या राहिल्या. त्या घरीच शिवणकाम करतात. भिंतीवरच्या नकाशात त्यांना आपलं घर काही सापडेना. शेवटी सुनावणी घेणाऱ्या साहेबांनीच पेन्सिलीनं जागा दाखवली. तिथून रुंद रस्ता गेला होता.

"साहेब, पण इथं आम्ही राहतो," त्या म्हणाल्या.

"हरकत नोंदवून घेतलीय, ताई. पुढचे कोण?" साहेब नम्रपणे म्हणाले. अगदी खरोखरीच्या नम्रपणानं.

पुढचा मी होतो. मी माझ्या हरकतीची दोन पानं वाचून दाखवली. तीही नोंदवली गेली. मला राग यायला हवा होता, पण कुणी अडवलंच नव्हतं, तर रागावणार कुणावर? विचारलं सगळ्यांना जातं. ऐकणं ही गोष्ट बहुधा निराळी असते.

बाहेर पायरीवर सुमनताई थांबल्या होत्या.

"बोललात ना?"

"बोललो."

"मग चला घरी."

'घरी' हा शब्द मी नीट ऐकला. तरी मला काहीच वाटलं नाही. त्यांच्याबरोबर चालत राहिलो.