मुहूर्ताचे मास्तर

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे पोरांना घसा कोरडा होईपर्यंत पटवून देणारा, आणि मग स्वतःच्याच शाळेचे कुलूप उघडायला पंचांग पाहणाऱ्या जोशीबुवांची परवानगी मागणारा गृहस्थ तुम्ही पाहिला आहे काय? ठाण्यात राहत असाल तर पाहिला असणारच. तलावाकडून लाल पगडी, उपरणे आणि काखेत छत्री अशी एक मूर्ती सावकाश येत असे, आणि मांजर आडवे गेले की तितक्याच सावकाश परत फिरत असे. ते आमच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. समोर आम्ही त्यांना मोठे मास्तर म्हणत असू आणि पाठीमागे मुहूर्तमास्तर.

मोठे मास्तर आता नोकरीतून मोकळे होत आहेत. त्यांची तसबीर शाळेत लावायची ठरली आहे आणि जुन्या विद्यार्थ्यांनी चार शब्द लिहून पाठवावेत असा निरोप फिरला आहे. ते चार शब्द मी येथे लिहितो. तसबिरीखाली लावण्याजोगे ते निघतील असे वाटत नाही.

भूगोल शिकवावा तो मोठ्या मास्तरांनीच. हे मी उपहासाने म्हणत नाही. हातात एक पपनस घेऊन ते वर्गाच्या मधोमध उभे राहत, गण्या नावाच्या लठ्ठ मुलाला सूर्य करून बाकावर चढवीत, आणि पपनस गरगर फिरवीत त्याच्याभोवती चालत. "हा पाहा दिवस, ही पाहा रात्र. कुणी बुडवीत नाही, कुणी उगवीत नाही. सगळा फिरण्याचा खेळ!" त्यांचा चेहरा तेव्हा असा फुलून येई की आम्हांला वाटे, या माणसाने खरेच काहीतरी पाहिले आहे. तास संपला की तेच मास्तर बाहेर येऊन शिपायाला विचारीत, "दगडू, राहुकाळ टळला का रे? मग दप्तराचे कपाट उघड."

एकदा मी धीर करून त्यांना विचारले, "मास्तर, राहू म्हणजे नुसती सावली, असे आपणच काल सांगितलेत. मग सावलीला भ्यायचे कशाला?" ते रागावले नाहीत. रागावणे त्यांना जमतच नसे. ते हसून म्हणाले, "अरे, वर्गात शास्त्र, अंगणात शिष्टाचार. दोन्ही एका ताटात घेऊ नये, पोट बिघडते." त्यांच्या सबंध आयुष्याचा सिद्धांत हाच. त्यांचे पोट कधी बिघडले नाही हे मात्र मला कबूल आहे.

नाताळच्या सुटीनंतर शाळेचे नवे वर्ष सुरू होई. तो दिवस म्हणजे मास्तरांची दिवाळी. अंगणात सडा पडे, दाराला आंब्याचा टहाळा लागे, गावातली प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांवर बसत आणि मास्तर ‘वर्षारंभीची वार्ता’ सांगायला उभे राहत. गेल्या साली कोण परीक्षेत उतरले, यंदा कोणता नवा नकाशा आला, कोणत्या वर्गाला कोण शिक्षक. प्रत्येक वार्तेआधी "आनंदाची गोष्ट अशी की" हे पालुपद असेच. विहिरीचा दोर तुटला आहे, हीसुद्धा एका वर्षी आनंदाची गोष्ट होती, कारण नवा दोर मिळण्याचा संभव त्यामुळे उत्पन्न झाला होता.

याच समारंभात कल्याणच्या एका वकिलांनी शाळेला दिलेला पृथ्वीचा गोल कपाटातून बाहेर निघे. त्याला हळदकुंकू वाहत. होय, पृथ्वीच्या गोलाला हळदकुंकू! मग तो पुन्हा कपाटात जाई, तो पुढच्या वर्षापर्यंत. "पोरांचे हात लागले तर समुद्र पुसट होतील," असे मास्तर म्हणत. त्यामुळे आमच्या शाळेतली पृथ्वी वर्षातून एकदाच, आणि तीही फक्त वकीलसाहेबांकडे तोंड करून फिरत असे.

कुलूप उघडताना कुणी शिंकले तर सगळा समारंभ खोळंबे. मास्तर किल्ली काढून घेत, पाणी पीत, पुन्हा शुभ क्षणाची वाट पाहत. हे गण्याच्या ध्यानात आल्यावर तो घरून तपकीर आणू लागला. "दगडूदादा, घे रे चिमूटभर, थंडी आहे." दगडू बिचारा भोळा. तो शिंके आणि आम्हांला तेवढा वेळ तलावावर खेळायला मिळे. मास्तरांना ही लबाडी कधी कळली नाही. ती कळायला शिंकेचे कारण नाकात शोधावे लागते. मास्तर ते पंचांगात शोधत.

एवढे लिहिल्यावर एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. एकदा मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो. मोठे मास्तर कोपरीला आमच्या घरी आले. वैद्यांनी बोलायला मनाई केली होती, म्हणून ते नुसते माझ्या घोंगडीवर बोटाने नद्या काढीत बसले. घोंगडीची वळी वर उचलून त्यांनी सह्याद्री केला, तिच्या एका अंगाने गोदावरी सोडली. "बरा झालास की मला हीच नदी काढून दाखव," एवढेच म्हणाले आणि गेले. माझी आई आजही त्यांचे नाव निघाले की हात जोडते. मी जोडीत नाही. का ते आता सांगतो.

माझ्या शेजारी बाकावर कमळू बसे. त्याचा बाप खाडीपलीकडे मिठागरावर राबणारा आगरी. कमळू रोज तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, कोलशेतच्या धक्क्यावर उतरे आणि तिथून तासभर चालत शाळेला येई. गणितात त्याच्या पुढे कुणी नव्हते. मी भूमितीत अडलो की तो पाटीवर एक रेघ ओढून पाटी माझ्याकडे सरकवी आणि म्हणे, "ही दिसली नाही तुला? अरे, बांधासारखी आडवी पडली आहे की!" आम्ही दोघेही मॅट्रिकच्या वर्गात बसायचे होतो. त्याच्या बापाने त्याला निक्षून सांगितले होते, "येक वरीस सोरतो तुला. काय त्या परीक्षेचा हाय तो यंदा कर, नाय त फावरा हातान घे." मिठाचा हंगाम सुरू झाला होता आणि घरात काम करणारे हात कमी होते. म्हणजे त्या एका वर्षावर कमळूचे सगळे होते.

आणि शाळेचा नियम असा, की मुहूर्ताची घंटा होताना जो मुलगा अंगणात हजर नसेल त्याची मॅट्रिकच्या वर्गातली जागा गेली. बाके थोडी, उमेदवार पुष्कळ. "जो आरंभाला चुकला तो शेवटाला पोचत नाही," असे मास्तर म्हणत. वाक्य कानाला गोड लागते, म्हणून कुणी त्याचा अर्थ पाहत नसे.

त्या वर्षी मुहूर्त दुपारचा ठरला होता. सुटी लागतानाच तसे सर्वांना सांगितले होते. आदल्या दिवशी दुपारी जोशीबुवांनी पुन्हा पंचांग उघडले, त्यांना दुपारच्या वेळेत काही खोट सापडली, आणि मुहूर्त दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर लगेच, असा फिरला. दगडू नवी वार्ता घेऊन आळीआळीत फिरू लागला. कल्याणच्या वकिलांकडे तर एका शिक्षकाला खास आगगाडीने धाडले.

मी मास्तरांकडे धावलो. "मास्तर, कमळूला कोण कळवणार?"

"दगडू फिरतो आहे ना?"

"दगडू खाडीपलीकडे जात नाही."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ, शाळा खाडीच्या अलीकडे आहे. पलीकडच्याने शाळेवर लक्ष ठेवावे. शाळेने पलीकडे लक्ष ठेवायचे म्हटले तर मग कुठवर ठेवायचे?"

मी चालत कोलशेत गाठले तेव्हा दिवस मावळत होता. खाडीला ओहोट लागून होडी चिखलात कलंडली होती. ती चालवणारा तांडेल काठावर विडी ओढीत बसला होता. मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "पानी उतारलाय र बाला. चिखलान तर कशी न्यावाची? रातचा पानी भरंल तवा मी घरा जाईन. पाटं सांगतो त्याला. तू जा."

त्याने आपला शब्द पाळला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या दोन दिवसांत शब्द पाळणारा मला तो एकच भेटला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. अंगण भरले. मास्तरांनी घंटेची हातोडी उचलली आणि खुर्च्यांकडे पाहिले. वकीलसाहेबांची खुर्ची रिकामी होती. त्यांचा मुलगाही आमच्याच वर्गात बसायचा होता. मास्तरांनी हातोडी खाली घेतली.

जोशीबुवा कुजबुजले, "मास्तर, वेळ चालली."

"अंमळ सैल धरा, बुवा. कल्याणची गाडी यायची आहे."

"अहो, मुहूर्त काय धोतराची गाठ आहे, सैल धरायला?"

"आपण अक्षता टाकीपर्यंत तो टळत नाही. मी जबाबदार!"

गाडीची शिटी ऐकू आली. पुष्कळ वेळाने वकीलसाहेब मुलाला घेऊन आले, खुर्चीवर बसले, त्यांनी उपरण्याने वारा घेतला, आणि मग मास्तरांनी घंटा वाजवली. "आनंदाची गोष्ट अशी की," ते म्हणाले, "यंदाचा आरंभ अत्यंत शुभ मुहूर्तावर झाला आहे."

ते वाक्य पुरते संपले नव्हते तोच कमळू फाटकातून आत आला. भरतीची वाट न पाहता तो पहाटे चिखल तुडवीत मधल्या पाण्यापर्यंत गेला होता, तिथे तांडेलाने त्याला होडीत घेतले, आणि अलीकडे पुन्हा चिखलच. मांडीपर्यंत काळाभोर झाला होता. नवी टोपी तेवढी त्याने डोक्यावर घट्ट धरून कोरडी आणली होती.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले, घंटेकडे पाहिले. "घंटा झाली, बाळ."

"मला कुणी सांगितलंच नाही, मास्तर. पहाटे तांडेलानं सांगितलं तसा निघालो."

"वार्ता ज्याला हवी असते त्याने ती शोधावी लागते."

कमळू धापा टाकीत होता. त्याला सगळे तिथेच कुणीतरी सांगितले असावे, कारण त्याने वकीलसाहेबांकडे एकदा पाहिले आणि विचारले, "मास्तर, मुहूर्त कल्याणच्या गाडीला थांबतो, तर मग आमच्या तरीला का नाही थांबत?"

क्षणभर मला वाटले, आता मास्तर बाकावर चढलेल्या सूर्याभोवती फिरताना दिसत तसे दिसतील, त्यांच्यातला भूगोलाचा मास्तर बोलेल. मास्तर म्हणाले, "आगगाडी सरकारची आहे रे."

खुर्च्यांवरची मंडळी हसली. वकीलसाहेब तर मनापासून हसले. कमळूची जागा तिथल्या तिथे एका इनामदारांच्या भाच्याला मिळाली. मी उठून ओरडलो, तेव्हा मला दोन शिक्षकांनी धरून वर्गात नेले. खिडकीतून पाहिले तेव्हा कमळू तलावाच्या पायरीवर बसून पाय धुऊन घेत होता. तो शाळेत पुन्हा आला नाही. बापाने बोलल्याप्रमाणे त्याच्या हातात फावडे दिले.

आता मोठे मास्तर निघाले म्हणून मी परवा त्यांच्या घरी गेलो. ते थकले आहेत. मला त्यांनी ओळखले, गोदावरीची आठवण काढली, आईची खुशाली विचारली. त्यांच्या आवाजात खरी माया होती आणि ती मला सोसवेना. मी विचारले, "मास्तर, कमळू आठवतो का?"

"कोण, तो मिठागरावरचा? वा! न आठवायला काय झाले? गणितात तुम्हां सगळ्यांच्या डोक्यावर पाय ठेवून गेला असता." मास्तरांनी खेदाने मान हलवली. "पण त्याला वेळेचे भान नव्हते रे."

ते थट्टा करीत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांच्या मनात त्या सकाळचे एवढेच उरले होते. मी नमस्कार न करता उठलो. असा मनुष्य दुष्ट असता तर बरे झाले असते. दुष्टाशी भांडता येते. या सज्जनांनी पिढ्यांच्या पिढ्या हसतमुखाने दाराबाहेर ठेवल्या आणि रात्री त्यांना स्वस्थ झोप लागली. मास्तरांनी मला नद्या शिकवल्या, त्याबरोबर हा तिरस्कारही शिकवला. दोन्ही मी जन्मभर जपणार आहे.

नवे हेडमास्तर आले आहेत. इंग्रजी उत्तम बोलतात. आल्या आल्या त्यांनी पहिली चौकशी केली ती जोशीबुवा कुठल्या आळीत राहतात याची.

कमळूचा धाकटा भाऊ यंदा मराठी परीक्षा पास झाला आहे आणि नाताळानंतर त्याला इंग्रजी शाळेत बसवायचे कमळूने ठरवले आहे. बापाशी भांडून ठरवले आहे. त्याच गावची आणखी पोरेही आहेत. तेव्हा वाचकहो, तसबिरीची वर्गणी द्या किंवा न द्या. पण शाळा अमुक दिवशी अमुक वेळी उघडणार, किंवा ती वेळ पुन्हा फिरली, असे तुमच्या ओटीवर येऊन दगडूने सांगितले, की त्याच पावली पायांत वहाणा घाला आणि कोलशेतच्या धक्क्यावर जा. ओहोट असेल, होडी चिखलात असेल. तांडेल तिथेच बसलेला असतो. त्याला सांगा.