धुराड्याचा पाऊण तास

येलशोवा गावच्या शनिवारच्या बाजारात माझं मधाचं टेबल आणि विल्मा क्रायचोवाचं चीजचं टेबल लागून असायचं. तिच्याकडे पाच शेळ्या. त्यांच्या दुधाचा ताजा चक्का आणि धुरी दिलेलं चीज ती विकायची. जिभेनं फटकळ, पण मापात कधी हात आखडला नाही.

अणुवीज केंद्राबद्दल कुणी वाकडं बोललं की मात्र ती अंगावर जायची. तिचं माहेर आणि सासर एकाच गावातलं, आणि ते गाव केंद्रासाठी उठवलं गेलं होतं. नवरा ओन्द्रेय तिथेच वेल्डिंग करत म्हातारा झाला आणि वारला. जावई लुबोरही तिथेच नोकरीला. "आमचं गाव चांगल्या कामासाठी दिलंय," ती म्हणायची, "उगाच नाही दिलेलं." केंद्र वाईट निघालं असतं तर गाव गेल्याचं दुःख तिला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं, असं मला वाटायचं.

एका शुक्रवारी लुबोर तिच्याकडे जेवायला उशिरा आला. खसखस घातलेल्या शेवया गार होऊन गेल्या होत्या. ती कुरकुरली तसं तो म्हणाला, "आई, कामच तसं निघालं. धुराड्यातून काय बाहेर जातं ते मोजणारं यंत्र आहे ना, त्याचा पंप अडकला. जोडीचं यंत्र नेमकं दुरुस्तीला उघडलेलं. पाऊण तास मोजणंच बंद."

"मग? काही बाहेर गेलं?"

"काही नाही. आतली सगळी मापं ठीक होती. तरी गाडी घेऊन आम्ही गावोगावची हवा तपासून आलो. स्वच्छ आहे. वाढा आता."

तिने वाढलं, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी बाजारात कुजबुज होती. छपरावर दांडा लावलेली केंद्राची गाडी लोकांनी गावातून फिरताना पाहिली होती. निवृत्त मास्तरीण गिझेलाबाई विल्माच्या टेबलापाशी थांबल्या, पण चीजला हात लावेनात.

"काहीतरी सुटलंय म्हणतात, विल्मा."

"सुटलं-बिटलं काही नाही, बाई. मोजायच्या यंत्राचा पंप अडकला होता पाऊण तास. बाकी सगळं ठीक."

"तुला कुणी सांगितलं?"

"जावयानं. तो तिथेच असतो."

"मग रेडिओवर का नाही सांगितलं?"

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं."

गिझेलाबाई शांतपणे म्हणाल्या, "शहाऐंशी साली पूर्वेकडचं ते अणुकेंद्र फुटलं, तेव्हा पण सांगण्यासारखं काही नव्हतं. आम्ही पोरांना घेऊन मे दिनाच्या मिरवणुकीत चाललो होतो. आणि त्या पाऊण तासात कुणी मोजतच नव्हतं, तर ठीक होतं हे कळलं कशावरून?"

विल्माकडे याचं उत्तर होतं. आतली मापं, गावातली मापं, सगळं तिने सांगितलं. जितकं सांगितलं तितकी माणसं मागे सरकली. दुपारपर्यंत औषधाच्या दुकानातल्या, किरणोत्सर्ग बाधू नये म्हणून घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्या संपल्या. चक्का तसाच घरी गेला. माझा मध थोडाफार खपला. तो मागच्या उन्हाळ्यातला होता.

सोमवारी केंद्राचं निवेदन आलं. उपकरणात अल्पकाळ बिघाड, मर्यादा कुठेही ओलांडली नाही. शब्द न् शब्द विल्मा म्हणाली तोच. पण लोकांनी त्याचा अर्थ उलटा लावला: विल्माला शनिवारी ठाऊक होतं, म्हणजे यांनी दोन दिवस दडवलं. राजधानीतून, ब्रातिस्लाव्हाहून, टीव्हीवाले आले आणि तिच्या शेळ्यांचं चित्रण करून गेले.

केंद्रात चौकशी लागली. बातमी फुटली कुठून, याची. लुबोरनं स्वतःच कबूल केलं. त्याला मापन विभागातून काढून सामानाच्या कोठारात बसवलं. त्याची बायको, विल्माची मुलगी दारिना, आईच्या दारात उभी राहिली, आतही आली नाही.

"गप्प बसता आलं नाही तुला?"

"अगं, मी त्यांच्याच बाजूनं बोलत होते."

"तुला कुणी सांगितलं होतं त्यांची बाजू घ्यायला?"

विल्मा दुधाची किटली घेऊन केंद्राच्या माहिती कार्यालयात गेली. दूध तपासा म्हणाली. तिथल्या तरुण साहेबानं नीट बसवलं, कॉफी दिली. चार दिवसांनी कळवलं, दूध उत्तम आहे. ती पुन्हा गेली.

"मग शनिवारी बाजारात या, आणि चार माणसांसमोर माझं चीज खा."

"मावशी, आम्हाला कुणाच्या मालाची जाहिरात करता येत नाही."

"आणि माझा जावई?"

"तो आमच्याकडचा विषय नाही."

"तुमच्यासाठी मी गावाशी भांडले."

"त्याबद्दल आम्ही आभारी आहोत," तो म्हणाला. तो खरंच आभारी दिसत होता, असं तिनं मला सांगितलं. त्याचाच तिला जास्त राग आला होता.

थंडी पडेपर्यंत तिनं टेबल मांडलं. नुसतं उभं राहण्यात दिवस जायचा. येणारे नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे आणि पलीकडच्या रांगेतून डोंगराकडचं चीज घ्यायचे. ख्रिसमसच्या आधी तिनं शेळ्या विकून टाकल्या. घेणारा लांबचा होता, त्यानं कुरण कुठलं ते विचारलं नाही. दारिना नाताळला आली, पण एकटीच, आणि घाईत.

वसंतात मी तिच्याकडे गेले. ती बटाटे सोलत होती. म्हटलं, "विल्मा, माझ्या टेबलावर येऊन बस. मधमाश्यांचं काम मला एकटीला झेपत नाही. बाजारात तू बघ."

"नको," ती म्हणाली. "तुझाही मध पडून राहील."

रागानं म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती मालाचा भाव सांगावा तसं म्हणाली, आणि तिचं चुकत नव्हतं. मी थोडा वेळ बसले, तिच्याबरोबर चार बटाटे सोलले आणि घरी आले.